तेराव्या दिवसाचं भाकीत

सन दोन हजार एकेचाळीस हे वर्ष मानवजातीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल, कारण त्या वर्षी माणसाने भविष्यावर पहिल्यांदा निर्विवाद विजय मिळवला. ज्योतिषी, हवामानतज्ज्ञ आणि निवडणुकीचे अंदाज सांगणारे ज्या किल्ल्याला पिढ्यान्‌पिढ्या धडका देत होते, त्याचा दरवाजा अखेर उघडला. आत एकच खोली निघाली. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्या इसमाला लघवी कितव्या दिवशी होईल, एवढं आता नक्की सांगता येऊ लागलं.

हसायला हरकत नाही. मीही हसलो असतो. पण तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हा विषय किरकोळ वाटत नाही. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी धरायची. आमच्या खोलीत दहाजण होतो आणि शहाळं हा शब्द कुणी उच्चारला तर बाकीचे नऊजण त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत.

मी मुरलीधर शिंगटे. एका तालुक्याच्या बसस्टँडवर चौतीस वर्षं कंट्रोलर होतो. म्हणजे खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारणारा. माझ्या धंद्यातलं एकमेव कौशल्य सांगून ठेवतो: गाडी कुठे आहे याचा पत्ता नसताना ‘थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे’ हे वाक्य अशा आवाजात म्हणायचं, की माणसं पिशव्या उचलून उभी राहतात.

तर ते यंत्र. सरकारी नाव ‘प्रत्यारोपित वृक्क कार्यारंभ अनुमान प्रणाली’. लोकांनी त्याला पंचांग म्हणायला सुरुवात केली आणि मग डॉक्टरही तेच म्हणू लागले.

मेंदू मेलेल्या दात्याचं मूत्रपिंड काढलं की ते बर्फासारख्या थंड द्रवात ठेवतात. रक्त नाही, प्राणवायू नाही. आतल्या बारीक नळ्यांच्या पेशी उपाशी पडतात. मग ते दुसऱ्याच्या पोटात बसवून रक्त सोडलं, की आणखी गडबड होते. दुष्काळी गावात टँकर शिरल्यावर तहानेपेक्षा चेंगराचेंगरीनेच माणसं जास्त जखमी होतात, तसं. पेशी मरत नाहीत, पण सुन्न पडतात. मूत्रपिंड जिवंत असतं, नुसतं काम करत नाही. कधी सहा तासांत जागं होतं, कधी तीन आठवडे लावतं, आणि तोवर माणूस पुन्हा डायलिसिसवर. ही सुस्ती किती दिवसांची, हे पूर्वी कुणालाच सांगता येत नसे.

पंचांगाने ते सांगितलं. एक पेटी होती, तिच्यात मूत्रपिंडातून थंड द्रव फिरवत ठेवायचा. रक्तवाहिन्या त्या द्रवाला किती अडवतात हे पेटी मोजायची. जखमी पेशींचा चुरा द्रवात उतरतो, तोही मोजायची. दात्याचं वय, रक्तदाब, थंडीत गेलेले तास, घेणाऱ्याचं वजन, सगळं एकत्र करून, आधीच्या लाखो मूत्रपिंडांशी ताडून एक आकडा द्यायची. चार दिवस. नऊ दिवस. शेजारी खात्रीची टक्केवारी.

शास्त्रज्ञांना वाटलं होतं, आकडा पाहून डॉक्टर तयारीत राहतील. आकडा पेशंटलाही दाखवायचा, असा नियम झाला; पारदर्शकता म्हणून. आणि पेशंट म्हणजे शेवटी आपलीच माणसं. भाजीवाल्याकडे एक टोमॅटो दाबून बघितल्याशिवाय न घेणारी.

मला फोन आला शुक्रवारी सकाळी साडेसातला. मी डायलिसिसला जायचो त्या मिरजेच्या हॉस्पिटलातून, डॉक्टर नाझनीन मुल्लाणी. आवाज दमलेला.

“शिंगटेकाका, एक मूत्रपिंड आहे. डावं. दाता सव्वीस वर्षांची, अपघात. पंचांग तेरा दिवस सांगतंय. खात्री एक्क्याऐंशी टक्के. चाळीस मिनिटांत हो किंवा नाही सांगा.”

“सव्वीस वर्षांचं मूत्रपिंड तेरा दिवस झोपणार?”

“काल दुपारी ते तीन दिवस सांगत होतं, काका. तुमच्या आधी अकराजणांनी नको म्हटलं. प्रत्येकजण चाळीस मिनिटं घेतो, मग पुढच्याच्या तपासण्या, मग पेटी गाडीत घालायची. तास गेले तसा आकडा वाढत गेला.”

म्हणजे तीन दिवस जास्त वाटले म्हणून पहिल्याने नाकारलं, त्यामुळे ते पाच झाले. पाच ऐकून दुसरा म्हणाला, बघा, मी म्हणत नव्हतो? भाकीत खरं करायला माणसं रांगेत उभी होती.

माझी बायको शैला शेजारी कान लावून बसली होती. “तेरा?” ती म्हणाली. “अहो, दुसरा कुठलाही आकडा चालला असता. तेरावं का घालायचंय कुणाचं?”

“शैला, उशिरा येणारी गाडी म्हणजे येणारी गाडी. रद्द झालेली वेगळी,” मी म्हणालो आणि फोनवर हो सांगितलं. चौतीस वर्षं लोकांना पाजलेलं तत्त्वज्ञान त्या दिवशी मी स्वतः प्यालो.

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. मग आम्ही वाट बघू लागलो.

वाट बघायची म्हणजे पलंगाला लटकवलेल्या पिशवीकडे बघायचं. पिशवीवर आकडे छापलेले असतात. माझी पिशवी पहिल्या आकड्याच्याही खाली. शैला सकाळी आली की मला कसं वाटतंय हे न विचारता वाकून पिशवी बघायची. एकाआड एक दिवस खाली नेऊन डायलिसिस. दिवसाला बर्फाचे मोजके खडे. तेराव्या दिवसाला, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या गुरुवाराला, मी कॅलेंडरवर गोल केला.

दहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, खोलीच्या दारात साठीचा एक माणूस येऊन उभा राहिला. तोंडाला हॉस्पिटलचा मास्क, डोकं नुकतंच भादरलेलं. हातातली टोपी दोन्ही हातांनी चुरगाळत होता.

“शिंगटेसाहेब तुम्हीच न्हवं?”

“हो. आपण?”

“ज्योतिराम साळुंखे. कडेगावाकडचा. माझी लेक तुमच्याकडं हाय.”

शैलाने चटकन खुर्ची पुढे केली.

दात्याचं नाव घेणाऱ्याला आणि घेणाऱ्याचं नाव दात्याच्या घरी कळू नये, असा कडक कायदा आहे. पण पेटी आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर साळुंख्यांच्या मेहुण्याचा व्याही होता. कायदा कितीही कडक असला तरी भावकीपर्यंत पोहोचत नाही. कायद्याने मुलीच्या माहेरच्यांना एवढंच मिळतं: अवयव चालू झाला, की नाव न सांगता एक मेसेज. उजव्या मूत्रपिंडाचा मेसेज आला होता. ते तिथल्या तिथे एका कॉलेजच्या मुलीला बसवलं, सहा तासांत चालू. डाव्याचा मेसेज आला नव्हता.

“कावळा बी शिवला न्हाई,” ज्योतिराम म्हणाले.

शैला हलकेच म्हणाली, “दहावा झाला का?”

“काल केला, नदीवर. चार तास बसलो. समोरच्या झाडावर धा-बारा कावळं. एक बी खाली उतरंना. भटजी म्हणालं, काय इच्छा ऱ्हायली आसंल, बोला, कबूल करा. भाऊ म्हणाला, तिच्या नावानं शाळंला कपाट देतो. चुलता म्हणाला, आंब्याचं झाड लावतो. कावळं बघत बसलं. शेवटी दर्भाचा कावळा केला न् शिवला. गवताचा. त्याला काय कळतंय?” त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. “तिची एक किडनी चालू झाली, एक रुसून बसलीय. तवा म्हटलं, कावळ्याला इचारण्यापरास तिलाच इचारावं.”

आता या ठिकाणी एखाद्या समंजस माणसाने त्यांना थंड द्रव, उपाशी पेशी आणि अकरा नकार समजावून सांगितले असते. मी विचारलं, “तिची इच्छा काय होती?”

त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली. मग म्हणाले, “तुम्हाला काय सांगायचं. ऋतुजानं तिच्या मनानं लगीन केलं. सुमेध वाघमारे. वीज मंडळात लाइनमन. पोरगं चांगलंय, तसं म्हणाल तर. पण...” पुढचं वाक्य त्यांनी तोंडातच ठेवलं. आपल्याकडे ते वाक्य पूर्ण करावं लागत नाही. “म्या म्हटलं, तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई. तीन वर्सं. ती दर सणाला फोन करायची. म्हणायची, आप्पा, जेवू नका, बसू बी नका. उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन पाण्याचा तांब्या तेवढा तोंडाला लावा.”

“आणि?”

“न्हाई प्यालो.”

माझ्या जिभेवर त्या वेळी सकाळचा दुसरा बर्फाचा खडा होता. समोर भरला माठ असताना तीन वर्षं तहानेला राहणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. आणि साल एकेचाळीस. त्या पेटीने मूत्रपिंडाची सगळी माहिती विचारली होती. त्याची जात विचारायला जागाच ठेवली नव्हती.

ज्योतिराम उठले. पलंगाच्या पायाशी उभे राहिले, हात जोडले आणि माझ्या पोटाकडे बघून बोलू लागले. स्वतःच्या पोटाशी दुसऱ्याचा बाप बोलत असताना आपण चेहरा कसा ठेवावा, हे कुठे शिकवत नाहीत. मी छताकडे बघितलं.

“ऋतू, बाळा, मी आलोय. काय पायजे सांग. आगं, कायतरी सांग.”

पिशवीत काही पडलं नाही.

आणि मग मी ते केलं. माझ्या खिशात तारीख होती. गुरुवार. शंभरातले एक्क्याऐंशी. चौतीस वर्षांत एवढी पक्की खबर हातात घेऊन मी एकदाही माइकसमोर बसलो नव्हतो. घसा साफ केला आणि त्याच आवाजात म्हणालो:

“साळुंखे, सुमेधच्या घरी जा. पाणी पिऊन या. गुरुवारपर्यंत ती उठते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फलाटावरची माणसं बघायची तसंच. “गुरुवारी? कशावरनं?”

“माझ्या पोटात आहे. मला कळतं.”

ते गेल्यावर शैला माझ्याकडे वळली. “तुम्हाला लाज नाही वाटत?”

“कशाची? किडनी गुरुवारी उठणार. तो बुधवारी पाणी पिणार. दोन घरं जोडली जातील. यात वाईट काय झालं?”

“आणि नाही उठली म्हणजे?”

“पंचांगात आहे.”

“अहो, पंचांग पोटाला माहीत आहे का?” ती म्हणाली आणि पिशवी बघायला वाकली.

गुरुवारी दुपारी दोघं आले. ज्योतिराम पुढे, मागे तिशीचा उंच, उन्हाने रापलेला तरुण. सुमेध. त्याने वाकून नमस्कार केला नाही, हात जोडले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझ्याशी बोलण्यासारखी त्याच्याकडची कुठलीच गोष्ट सोपी नव्हती. अवयवदानाच्या कागदावर सही त्याची होती.

“प्यालो,” ज्योतिराम म्हणाले. “काल. तांब्याभर.”

“दोन तांबे, मामा,” सुमेध म्हणाला.

“दोन.”

मग आम्ही चौघं पिशवीकडे बघत बसलो. तीन वाजले. चार वाजले. नर्सने दोनदा ‘एकाच वेळी एकच माणूस’ म्हणून सांगितलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच थांबून बघू लागली. सुमेध म्हणाला, ऋतुजाला सकाळी उठवणं म्हणजे खांबावर चढण्यापेक्षा अवघड काम. ती अलार्म बंद करून त्याच्याच उशीखाली ठेवायची. ज्योतिराम म्हणाले, शाळेत असताना तिच्या आईने एकदा तोंडावर पाणी मारलं, तर कूस बदलून झोपली. दोघं हसले. मग एकदम गप्प झाले, कारण ती आठवण दोघांकडे वेगवेगळ्या घरातली होती आणि बाई एकच होती.

साडेपाचला नळीत काहीतरी हललं. एक थेंब पडला. पण तो माझ्याच जुन्या, निकामी किडन्यांचा, नेहमीचा. कंट्रोलरला आपली जुनी गाडी आवाजावरून ओळखू येते.

“उद्या,” मी म्हणालो. “थोडा उशीर.”

शुक्रवार गेला. शनिवार गेला. ज्योतिराम रोज येत. रोज मी म्हणे, उद्या. सोमवारी मी ‘उद्या’ म्हणायचं सोडलं आणि त्यांनी विचारायचं.

अठराव्या दिवशी डॉक्टर मुल्लाणींनी सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढला आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या की समजावं.

“काका, ती सुस्ती नव्हती. पेशी गेल्यात. हे चालू होणार नाही.”

“पंचांग चुकलं?”

“नाही. शंभरातल्या एकोणिसांचं असं होतंच.”

म्हणजे यंत्र बरोबर होतं. मी एकोणिसात होतो. विज्ञानाने माझी फसवणूक केली असं मला म्हणता येईना. टक्केवारी मला पहिल्याच फोनवर सांगितली होती. ती ज्योतिराम साळुंख्यांना मात्र कुणी सांगितली नव्हती.

“पहिल्याने हो म्हटलं असतं तर?” शैलाने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “तीन दिवस सांगत होतं, काकू. खात्री चौऱ्याण्णव.” चष्मा लावून त्या म्हणाल्या, “त्या पहिल्या माणसाचं वय तीस आहे. अजून यादीत आहे. त्याला चांगला आकडा हवाय.”

त्या संध्याकाळी शैला घरी जाताना दारातून परत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “उद्या ते येतील. तुम्ही सांगायचं. मी नाही.” एकोणीस दिवसांत पहिल्यांदा ती पिशवी न बघता गेली.

ज्योतिराम आले ते एकटेच. मी डायलिसिसला होतो. माझ्या जुन्या खोलीत, जुन्या खुर्चीत. बाकीच्यांनी मला काही न विचारता फक्त पंखा माझ्याकडे वळवला होता. ज्योतिराम शेजारच्या स्टुलावर बसले. माझं रक्त लाल नळीतून यंत्रात जात होतं, दुसऱ्या नळीतून परत येत होतं. ते ते बघत राहिले.

“साळुंखे, एक सांगायचंय. ती किडनी चालू होणार नाही आता.”

त्यांनी मान हलवली. कळलेलं असावं, कसं ते मी विचारलं नाही. ड्रायव्हर, मेहुणा, व्याही.

“आणि दुसरं. ते गुरुवारचं. मला पोटातनं काही कळलं नव्हतं. यंत्राने तारीख दिली होती. मी ती तिच्या नावावर खपवली. तिचा त्यात काही संबंध नव्हता. ती रुसलेली नव्हती. थंडीत फार तास गेले, एवढंच. आणि तुम्ही पाणी प्यालात ते माझ्या थापेवर.”

मी वाट बघत होतो. शिव्या, निदान उठून जाणं. त्या सुमेधच्या उंबऱ्यावरून पुन्हा मागे फिरणं.

“मला ठावं हुतं,” ते म्हणाले.

“काय?”

“सुमेधनं सांगितलं. बुधवारी. म्या दारात जाऊन म्हटलं, पाणी दे, ती गुरुवारी उठती म्हणत्यात. तर तांब्या हातात धरून म्हणाला, मामा, थांबा. त्याच्या मोबाइलवर ते पंचांग येतंय, सही त्याची हाय म्हणून. दाखवलं मला. हे बघा, तारीख यंत्राची हाय, न् तीबी पक्की न्हाई. हिच्यासाठी पीत आसाल तर पिऊ नका.”

“मग?”

“मग काय?”

“मग का प्यालात?”

ज्योतिराम त्या लाल नळीकडे बघत होते.

“ऊन लई हुतं,” ते म्हणाले. “स्टँडपास्नं चालत गेलो हुतो. तहान लागली.”

मी मोकळ्या हाताने पंखा त्यांच्याकडे वळवला.

“तिच्या फोटोखाली बसवलं त्यानं मला,” ते पुढे म्हणाले. “तांब्या पितळी हुता. आमच्या घरचा. मागं कधी तिच्या आईनं गुपचूप नेऊन दिला आसंल. तीन वर्सं त्यातलंच पाणी पीत हुती ती दोघं, न् मला पत्ता न्हाई.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते वाहत राहिले, मास्क भिजत राहिला. “आता प्यालो तर कुणाला सांगू, साहेब? सांगायची ती ऐकायला न्हाई.”

माझ्या डोळ्यांतही आलं. त्या रोगात शरीराला पाणी बाहेर टाकायला तेवढीच एक जागा उरते.

त्यांनी विचारलं, “मग आता काढत्याल व्हय ती?”

“नाही. त्रास देत नाही तोवर आतच ठेवतात. काढायचं ऑपरेशन जास्त धोक्याचं.”

“म्हंजे हाय आत.”

“आहे.”

“कायमची?”

“माझ्याबरोबर.”

ते उठले. टोपी डोक्यावर नीट बसवली. दारापर्यंत गेले, मग परत येऊन माझ्या खुर्चीशी वाकले. आवाज इतका खाली होता की मला मान पुढे करावी लागली.

“कुठल्या अंगाला बसवलीय?”

“उजव्या.”

“मग येक करा, साहेब,” ज्योतिराम म्हणाले. “त्या कुशीवर झोपत जाऊ नका.”